चाकं लोंबत असताना

शुक्रवारी सकाळी शम्सानं मासे काढायला फ्रीजर उघडला, तर सुरमईच्या पिशव्यांना खेटून गाडीचे सहा नवे बुश ओळीनं ठेवलेले. काळं रबर, बाहेरून लोखंडी कडं, आणि कड्यावर पांढरं बर्फ धरलेलं.

"हे खायच्या वस्तूंत?"

"थंडीनं लोखंड आकसतं, आई," रय्या तव्यावरची पातळ रोटी उलथत म्हणाली. "मग दांड्याच्या भोकात नीट बसतात. गैथनं सांगितलंय."

"गैथनं सांगितलंय!" शम्सानं फ्रीजरचं झाकण आदळलं. "सहा महिन्यांपूर्वीही त्यानंच सांगितलं होतं. त्या बुशांचं काय झालं ते तुझ्या मामाच्या मांडीला विचार."

रय्यानं पुढची रोटी तव्यावर टाकली. ती अशी गप्प बसली की शम्साला जास्त राग येई. पुढच्या गुरुवारी तिची आणि गैथची मिल्का ठरली होती. काझी यायचा, कागदावर सह्या व्हायच्या, आणि पोरगी त्याची व्हायची. बाप गेल्यापासून तिच्या लग्नाचा शब्द शम्साच्या भावाच्या, खल्फानच्या हाती होता, कारण रय्याचा बाप म्हणजे शम्साचा आणि खल्फानचा सख्खा चुलतभाऊ. खल्फाननं शब्द देऊन टाकला होता. तो आज मोडायचा की पाळायचा, हे अंगणातल्या गाडीखाली ठरणार होतं.

गाडी म्हणजे घरची जुनी पांढरी शास. बिदिया गावातले सगळे त्या पिकअपला शासच म्हणत, आणि ज्याच्या दारात शास नाही त्याचं वाळूत काही चालत नाही असं समजत. अकरा दिवसांपूर्वी खल्फान उंटांच्या गोठ्याकडून वाळू उतरून वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीपात्रातल्या, खडीच्या रस्त्याला लागला होता. उतारावर गाडीनं आपणहून डावीकडे हिसका घेतला. त्यानं स्टिअरिंग फिरवलं, गाडीनं ऐकलं नाही, आणि ती बांधावरून खाली गेली. खल्फानची मांडी मोडली, गळ्याजवळचं हाड मोडलं. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं: "पुढचं चाक माझ्या हातात नव्हतं."

तेवढं वाक्य पुरलं. पुढच्या चाकांचा सांगाडा ज्या दोन लांब दांड्यांनी गाडीला धरलेला असतो, त्या दांड्यांचे सहा बुश हिवाळ्यात गैथनं याच अंगणात बदलले होते. खल्फानच्या मुलानं, मतरनं, मोडकी गाडी ओढत घरी आणली, वर ताडपत्री टाकली, चारी कोपरे बांधले आणि किल्ली गळ्यात अडकवली. "आता हिला कुणी हात लावायचा नाही," तो म्हणाला. "त्यानं काय करून ठेवलंय ते सगळ्यांच्या समोर उघडायचं."

आणि सगळ्यांच्या समोरच उघडायचं, असा आग्रह शम्सानंही धरला होता. मतरला वाटलं आत्या आपल्या बाजूची. शम्सा कुणाच्याच बाजूची नव्हती. तिच्याजवळ एक गोष्ट होती, जी तिनं सहा महिने कुणाला सांगितली नव्हती.

हिवाळ्यातल्या त्या दिवशी ती सूर्य बुडताना अंगणात आली होती. मगरिबची बांग होऊन गेली होती, पोरं दिसत नव्हती. शास लोखंडी टेकूंवर, घोड्यांवर चढवलेली, पुढची चाकं हवेत लोंबत होती. रात्री गोठ्यावर पाणी पोचवायचं होतं. ती सवयीनं वाकली आणि गाडीखाली पाहिलं. वीस वर्षांची असल्यापासून ती वाळूत गाडी हाकत होती, आणि निघायच्या आधी नट-बोल्टांवरून हात फिरवल्याशिवाय तिनं कधी किल्ली फिरवली नव्हती. बापानं तिला पहिलं शिकवलं होतं ते हेच. हात फिरवला तर बोल्ट सैल. एक नाही, सहाच्या सहा! नट नुसते बोटानं फिरवून ठेवलेले. मग तिनं पाना उचलला, त्यावर पाइप घातला आणि सहाही बोल्ट जीव खाऊन आवळले. जॅक लावून घोड्या काढल्या, गाडी खाली घेतली, आणि नमाजाला गेली.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. अशी गोष्ट लगेच खर्चायची नसते, असं तिला वाटलं.

गैथ तिच्या धाकट्या भावाचा, हमूदचा मुलगा. हमूद गेला तेव्हा पोरगं सहा वर्षांचं. त्याची आई अश्खराची, समुद्रावरच्या लोकांतली. दुःखाचे महिने संपले आणि ती पोराला घेऊन माहेरी निघून गेली. भावाची एकुलती खूण मासे वाळवणाऱ्यांच्या घरात वाढली. वीस वर्षांनी तो परत आला तो पुरता माणूस होऊन, गॅरेजचं काम शिकून, गोड बोलत. शम्साला त्याच्या गोड बोलण्यात हमूद दिसे, आणि दुसऱ्याच क्षणी वाटे, हा का आला असेल? बापाच्या वाट्याच्या खजुरांसाठी? आणि मग त्यानं रय्याचा हात मागितला.

शम्सानं नाही म्हटलं नव्हतं. लग्नानंतर गैथनं इथंच, तिच्या अंगणात राहायचं असं ठरलं होतं. तिला दुसरं मूल नव्हतं. अंगणाच्या कडेला खोलीच्या भिंतीही उभ्या राहिल्या होत्या. पण ते सहा सैल बोल्ट तिनं मनात जपून ठेवले होते, आणि आज ते सगळ्यांपुढे ठेवायचे होते.

*

घाफच्या झाडाखाली खल्फानची खाट मांडली होती. प्लास्टरचा पाय उशीवर, हात गळ्यात. समोर कॉफीची किटली आणि खजुरांचं ताट. गैथ एका मित्राच्या गाडीतून उतरला, खांद्यावर अवजारांची पिशवी घेऊन, आणि आधी काकाच्या कपाळाचं चुंबन घ्यायला गेला. खल्फाननं कपाळ पुढे केलं. पण नेहमीसारखा त्याच्या मानेवर हात ठेवला नाही. शम्सानं ते पाहिलं. गैथनंही पाहिलं असावं.

"ये उस्ताद," मतर म्हणाला. "अवजारं आणलीस, की नुसतं तोंड घेऊन आलास?"

"तोंड मागच्या वेळी इथंच राहिलं होतं. ते न्यायला आलोय."

"नेशील, नेशील. बघू काय काय घेऊन जातोस."

"ए," खल्फान खाटेवरून म्हणाला, "भांडायचं असेल तर मला आत ठेवून या. आवाज चढला की माझी मांडी ठणकते."

मतरनं ताडपत्रीच्या गाठी सोडल्या. डावं मडगार्ड चेपलेलं, काचेला कोळ्याच्या जाळ्यासारखा तडा. पण चारी चाकं शाबूत होती, आणि गाडी स्वतःच्या पायांवर उभी होती.

गैथ गाडीभोवती एक फेरी मारून आला. कुठे हात लावला नाही.

"मतर, पाना तू धर. मी हात लावणार नाही. मी सांगतो, तू उघड. उद्या कुणी म्हणायला नको की मी खाली शिरून काहीतरी केलं."

मतर क्षणभर गोंधळला. ही मागणी तोच करणार होता.

"हुशार आहेस."

"घाबरलोय," गैथ म्हणाला. "हुशार असतो तर आज आलोच नसतो."

शम्सानं मनात म्हटलं, बोलतो कसा बघा, चोराला शोभेल असं. पण तिनं चटई गाडीजवळ ओढली, चेहऱ्यावरचा बुरखा जरा वर सरकवला आणि टॉर्च हातात घेतला. खाली वाकून बघायला तिच्याइतकी तयार या घरात दुसरी कुणी नव्हती.

"घोड्या लावायच्या?" मतरनं विचारलं.

"अजून नाही. गाडी आहे तशीच उभी राहू दे. हा खडू घे. उजव्या दांड्याच्या मागच्या टोकाला बुश आहे ना, त्याची आतली लोखंडी नळी कडेला थोडी दिसते. तिच्यावरून दांड्यापर्यंत एक सरळ रेघ ओढ. तशीच डाव्या बाजूला."

"जादूटोणा?"

"रेघ आहे. समुद्रावर आम्ही एवढ्याला जादू म्हणत नाही."

खल्फान हसला, मग हाड दुखलं म्हणून थांबला. मतर पाठीवर झोपून खाली सरकला. शम्सानं टॉर्च धरला. पांढरी रेघ उजव्या बाजूला ओढली गेली, मग डाव्या. मतरनं उजव्या नटला पाना लावला, पाइप घातला, दोन्ही हातांनी ओढलं. नट किंचाळत सुटला. बुशाचं रबर इतकं फाटलेलं होतं की नळी आत खुळखुळत होती. मतरनं बोट घालून रबराचे तुकडे काढले आणि बाहेर येऊन बापाच्या खाटेवर, खजुरांच्या ताटाशेजारी ठेवले.

"हे बघा. सहा महिन्यांचे म्हणे. हे सहा वर्षांचे आहेत. कुठल्या भंगारातून काढून घातले होतेस रे?"

"पेटी उघडताना तू शेजारी बसला होतास," गैथ म्हणाला. "प्लास्टिक तुझ्याच दातांनी फाडलं होतंस."

मतरला ते आठवलं असावं. तो तुकड्यांकडे बघत राहिला.

"मग सहा महिन्यांत असं कसं झालं?" खल्फाननं विचारलं. आवाज साधा होता. शम्साला आपल्या भावाचा हा आवाज ठाऊक होता. उंट चोरीला गेला की तो असाच हळू बोलायचा.

"काका, तेच मला कळत नाही. डावा उघडू दे."

डावा बुश अजून अर्धा जिवंत होता. रबर कडेनं फाटलेलं, पण मधे धरून होतं. मतरनं नट सैल केला. दोन वेढे, तीन वेढे, आणि एकदम आतून टक असा आवाज आला. दांडा थोडा हलला. शम्सा टॉर्च घेऊन अगदी जवळ होती. तिनं पाहिलं, मघाशी सरळ असलेली रेघ तुटली होती. नळीवरचा तुकडा दांड्यावरच्या तुकड्यापासून तीन गव्हाच्या दाण्यांएवढा सरकला होता.

"रेघ मोडली," ती म्हणाली.

गैथ गुडघ्यावर बसला, मान वाकडी करून बघितलं. तो उठला नाही. तसाच बसून राहिला, हात मांड्यांवर.

"बोल ना," मतर म्हणाला. "उस्तादाची वाचा गेली?"

"उरलेले चारही तसेच असतील. उघडून बघ. सगळ्या रेघा एकाच बाजूला सरकतील."

मतरनं त्यांच्यावरही आधी रेघा ओढल्या, मग उघडले. दोन पूर्ण फाटलेले निघाले. दुसऱ्या दोन ठिकाणी टक आवाज झाला आणि रेघ मोडली. त्याच बाजूला, तेवढीच.

"आता सांग," खल्फान म्हणाला.

गैथनं डोक्यावरची मसर सोडली. तिचं एक टोक मतरच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं आणि एक पीळ घातला.

"बुशातलं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं आणि बाहेरच्या कड्यालाही. नट आवळला की नळी जागच्या जागी पकडली जाते, हलत नाही. गाडी घोड्यांवर असते तेव्हा चाकं खाली लोंबतात, दांडेही खाली कललेले असतात. अशा वेळी नट आवळला, तर रबर त्या लोंबत्या जागेला आपली जागा समजतं. मग गाडी खाली उतरली की दांडा वर येतो, आणि रबराला हा असा पीळ बसतो. गाडी दारात नुसती उभी असली तरी तो पीळ बसलेलाच. मान वळवून झोपायला लावलं कुणी, सहा महिने, तर? म्हणून चाकं जमिनीवर टेकली, गाडीचा सगळा भार आला, की मगच आवळायचं. हे या कामातलं पहिलं आहे. आमच्या गॅरेजात झाडू मारणाऱ्यालाही ठाऊक असतं."

"झालं तर मग," मतर ओरडला. "ऐकलंत ना, बाबा? स्वतःच्या तोंडानं सांगितलं. लोंबत असताना आवळले, म्हणून फाटले. आवळले कुणी? यानं."

"मी आवळलेच नव्हते."

शम्साच्या हातातला टॉर्च तसाच जळत राहिला. भर उन्हात त्याचा उजेड दिसत नव्हता.

"मी सहाही नट बोटानं फिरवून ठेवले होते," गैथ म्हणाला. "मुद्दाम सैल. मगरिबची बांग झाली. मतर, मी तुला सांगून गेलो, की मी येईपर्यंत थांब, आणि थांबायचं नसेल तर आधी गाडी खाली घे आणि मगच आवळ. सांगितलं होतं की नाही?"

"सांगितलं होतं. पण मी हात लावला नाही. मला गोठ्यावरून फोन आला, मी उंटांकडे गेलो. परत आलो तर गाडी खाली उभी. मला वाटलं तू केलंस."

"मी मशिदीतून आलो तर गाडी खाली उभी. पाना लावून बघितला, नट घट्ट. मला वाटलं तू केलंस. मी म्हटलं, शिकला एकदाचा."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग गैथ उभा राहिला, मसर हातातच होती.

"तू खोटं बोलतोयस."

"मी?"

"गाडी काही आपणहून उतरली नाही. मी सांगितलेलं तुला एकट्याला ठाऊक होतं. लोंबत असताना आवळलं तर काय होतं, तेही तुला एकट्यालाच मी सांगितलं होतं." त्यानं बोट मतरच्या छातीकडे केलं. "तुला रय्या हवी होती. बोल ना सगळ्यांच्या समोर. माझ्या हातचं काम बिघडलेलं दिसायला हवं होतं तुला. पण गाडीत तुझा बाप बसेल, हे नाही आलं डोक्यात."

मतर त्याच्या अंगावर धावून गेला. किटली उलटली, कॉफी वाळूत गेली. खल्फाननं खाटेवरून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या अंगणातल्या शेळ्या ओरडायला लागल्या.

"थांबा! दोघंही थांबा." तो दम खात होता. "माझ्या भावाचा मुलगा म्हणतो माझ्या मुलानं मला मारायला घेतलं. माझा मुलगा म्हणतो माझ्या भावाच्या मुलानं. दोघांपैकी एक खोटा आहे. बरं. रय्या! आतून मुसहफ आण."

रय्या दारातच उभी होती. स्वतःचं नाव असं भांडणात निघालेलं तिनं ऐकलं होतं. ती आत गेली आणि कापडात गुंडाळलेलं कुराण दोन्ही हातांवर घेऊन आली.

"दोघंही हात ठेवा," खल्फान म्हणाला. "म्हणा, की मी गाडी लोंबत असताना बोल्ट आवळले नाहीत. मग आपण एकमेकांच्या दारात पाय ठेवायचा नाही. हिशेब अल्लाकडे."

शम्सा चटईवरच बसली होती. गेल्या सहा महिन्यांत तिनं हा क्षण किती वेळा रंगवला होता. मी उठेन, म्हणेन, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, यानं सहाच्या सहा सैल सोडले होते. आता तेच वाक्य तोंडाशी आलं होतं आणि ते वाक्यच तिच्यावर उलटलं होतं. सैल सोडले होते, कारण सैलच सोडायचे असतात.

तिच्या मनात दुसरी गोष्टही आली, आणि ती आली याची तिला नंतर फार दिवस लाज वाटली. गप्प बसलं तर? शपथा झाल्या की मिल्का मोडणार. गैथ अश्खराला परत जाणार. रय्या इथंच राहणार, याच अंगणात. आणि हे कुणाला कधी कळणारही नाही. त्या संध्याकाळी अंगणात एकच बाई होती, आणि ती हीच.

मतर पुढे झाला. तो रागावलेला होता, पण खरं बोलत होता, हे तिला एकटीला ठाऊक होतं. त्याची आई बाळंतपणात गेल्यावर त्याला हातांवर घेऊन तिनंच वाढवलं होतं. त्यानं उजवा हात वर उचलला.

"हात खाली घे," शम्सा म्हणाली. "रय्या, मुसहफ आत ठेव."

"अक्का, मधे पडू नकोस," खल्फान म्हणाला.

"मधेच आहे मी. बोल्ट मी आवळले."

मतरचा हात खाली आला.

"पोरं गेलेली होती. मी खाली वाकून पाहिलं, सगळे नट सैल. वाळूत जायची गाडी आणि सैल नट! पाना घेतला, पाइप घातला आणि आवळले. मगच गाडी खाली घेतली." तिनं टॉर्च बंद केला. "असं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं. अल्लाची शपथ, आत्ता कळलं."

खल्फाननं आपल्या पायाकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"म्हणजे माझी मांडी तू मोडलीस."

"हो."

"बापानं शिकवलेल्या पद्धतीनं."

"हो."

त्याला हसू येत होतं की काय ते कळेना. मग त्यानं डोळे बारीक केले.

"चूक कुणाकडूनही होते, अक्का. मी ती बघत नाही. तू आवळलेस, हे त्या वेळी का नाही सांगितलंस? आणि हे अकरा दिवस? माझा मुलगा याच्या नावानं गावभर शिव्या घालत होता, तू ऐकत होतीस."

तिला खोटं सांगता आलं असतं. विसरले म्हणता आलं असतं. म्हातारपणाला एवढी सूट सगळे देतात.

"जपून ठेवलं होतं," ती म्हणाली. "यानं काही वाकडं केलं की काढायचं म्हणून. आज काढणार होते."

मतर खाली बसला. "आत्या, मी याला गावभर खुनी म्हणत फिरलोय गं."

"माझ्या भरवशावर फिरलास. ठाऊक आहे मला."

गैथ मसर डोक्याला गुंडाळत होता. तो बराच वेळ गुंडाळत राहिला. मग मतरकडे न बघता म्हणाला, "मी जे बोललो ते परत घेतो."

"कुठलं? रय्याचं, की बापाचं?"

"बापाचं."

"आणि रय्याचं?"

"ते खरं होतं."

मतरनं मान खाली घातली. "होतं," तो म्हणाला. "सहा महिन्यांपूर्वी होतं. आता तिला तूच सांभाळ, मला तर तिच्या हातची रोटीही जात नाही."

दारातून रय्याचा आवाज आला, "तीन खाल्ल्यास सकाळी."

खल्फान मोठ्यानं हसला आणि हाड धरून कण्हला. गैथ मात्र हसला नाही. तो शम्साच्या चटईसमोर येऊन उकिडवा बसला.

"एकच विचारतो. आज रेघ मोडली नसती, तर तुम्ही ते सैल बोल्ट सांगितले असते?"

"सांगितले असते."

"माझ्याविरुद्ध."

"तुझ्याविरुद्ध."

त्यानं मान हलवली, दुखतंय कुठे ते वैद्याला शेवटी सापडावं तशी. मग तो खल्फानकडे वळला.

"काका, माझ्याकडून मिल्का गुरुवारीच. पण मी या अंगणात राहणार नाही. जिथं मी पाठ फिरवली की कुणीतरी वाकून माझं काम तपासतं, तिथं मी झोपू शकत नाही. रय्याला अश्खराला नेईन. तिला आणि तुम्हाला चालत असेल तर."

खल्फाननं रबराचा एक तुकडा उचलला आणि बोटांत चुरला.

"ठरलं वेगळं होतं," खल्फान म्हणाला. "पण ज्याला शब्द दिला होता त्याला आम्ही अकरा दिवस खुनी म्हटलं. मी आज बोलणार नाही. अक्का, तू बोल. मुलगी तुझी."

शम्सानं दाराकडे पाहिलं. रय्या उंबऱ्यावर उभी होती. कुराण आत ठेवून ती पुन्हा आली होती आणि या वेळी तिच्या हातात टॉवेलात गुंडाळलेले सहा बुश होते. बोटं थंडीनं लाल झाली होती.

"तू जाशील?" शम्सानं विचारलं. "समुद्रावर? त्या लोकांत?"

"आई," रय्या म्हणाली, "हे गरम व्हायला लागलेत. गरम झाले की बसणार नाहीत. काय ते लवकर ठरव."

शम्साला कळलं. पोरीनं हो म्हटलं नव्हतं, कारण आईसमोर तेवढं म्हणायची तिला लाज होती. नाहीही म्हटलं नव्हतं. ती बुश घेऊन उभी होती, आणि कुणाच्या हातात द्यायला उभी होती ते दिसत होतं. कडेला नव्या खोलीच्या भिंती होत्या, अजून छताविना. तिथं आता खजुराची पोती राहतील, शम्साच्या मनात आलं.

"जा," ती म्हणाली. "गुरुवारी मिल्का होऊ दे. कागदावर अश्खरा लिहा, मी अंगठा लावते."

गैथनं टॉवेल घेतला. मतरनं न सांगता जॅक ओढला आणि पुढे घोड्या लावल्या. दांडे खाली उतरले. जुनी कडी करवतीनं कापून ठोकून काढली, नवी साबणाच्या पाण्यात बुडवून लांब बोल्टानं आत ओढली. दोघं भाऊ गाडीखाली एकमेकांना शिव्या देत होते. आता त्या नेहमीच्या शिव्या होत्या. शम्सा चटईवर बसून राहिली. तिला कुणी उजेड धरायला सांगितलं नाही.

जुम्म्याच्या नमाजाची वेळ होत आली तेव्हा गाडी चाकांवर उतरली. मतर मागच्या भागात चढून दोनदा उड्या मारून आला, भार नीट बसावा म्हणून. मग गैथ खाली गेला आणि एकेक नट आवळू लागला, सावकाश.

शम्सा उठून जवळ गेली. फक्त त्याचे पाय दिसत होते.

"अश्खरा किती लांब?" तिनं त्या पायांना विचारलं.

"रस्त्यानं दोन तास."

"आणि वाळूतून?"

पाना थांबला. "वाळूतून तीन. कशाला?"

"मी वाळूतून येईन. रस्त्यावर माझा जीव गुदमरतो. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी येत जाईन. दारात उभं करशील ना?"

गाडीखालून पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. मग गैथ पाठीवर सरकत बाहेर आला. कपाळाला काळं लागलं होतं, आणि तिथं, भुवईपाशी, तो अगदी हमूद दिसत होता.

"ये," तो म्हणाला. "फक्त निघायच्या आधी कशाला पाना लावू नकोस, आत्या. सैल वाटलं तर मला फोन कर."

तो थट्टा करत नव्हता.

"नाही लावणार," शम्सा म्हणाली.

तो पुन्हा गाडीखाली गेला. अजून दोन नट राहिले होते.